लहान आवाजाची बाजू

आवाजाची स्तुती करण्याची वेळ आली की आपली मराठी एकदम वरच्या पट्टीत बोलू लागते. पहाडी, बुलंद, खडा, भारदस्त, तयारीचा ही सारी विशेषणे आवाजाचा आकार आणि ताकद सांगणारी आहेत. लहान आवाजासाठी आपल्यापाशी 'गोड' आणि 'हळुवार' असे दोनच शब्द उरतात, आणि ते उच्चारतानाही आपल्या स्वरात कळत-नकळत थोडी सवलत असते. गेल्या आठ-नऊ दशकांत ज्या गायनप्रकाराने मराठी कविता सर्वांत अधिक घरांत नेली, त्याचे अधिकृत नावच मुळी 'सुगम संगीत' असे आहे. सुगम म्हणजे जेथे सहज जाता येते ते. ऐकणाऱ्याला सहज जाता येते म्हणून गाणाऱ्यालाही ते सहज साधले असणार, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

अरुण दाते (१९३४–२०१८) यांच्या गायनाविषयी लिहायचे तर या समजुतीशी आधी भांडावे लागते. त्यांच्या निधनानंतर जे मृत्युलेख आले त्यांत प्रेम भरपूर होते. पण त्या गायनात नेमके काय घडते याची चर्चा फारशी नव्हती. तरुणपणाच्या आठवणी, कॉलेजातले दिवस, चांदण्या रात्री असा तो सूर होता. आठवणींना माझा विरोध नाही. पण केवळ आठवणींवर जगणारी कला आठवण ठेवणाऱ्या पिढीबरोबर संपते, आणि दात्यांचे गाणे असे संपू नये असे मला मनापासून वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : दात्यांचा लहान आवाज ही मोठ्या आवाजाची उणी आवृत्ती नाही. कविता वाचण्याची ती एक स्वतंत्र रीत आहे, आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसांनी तिच्याकडे वाचनपद्धती म्हणून पाहायला हवे.

या रीतीमागचा इतिहास लक्षात घ्यायला हवा. मराठी माणसाचा गायनाविषयीचा कान मुख्यतः नाट्यसंगीताने घडवला. बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर यांच्या गायकीचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळात नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचवावा लागे. तबकडीची स्थितीही वेगळी नव्हती. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले. त्याआधी गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून जोर लावूनच गावे लागे, कारण हलका सूर मेणावर उमटतच नसे. म्हणजे मोठा आवाज ही त्या काळी आवडीची बाब होण्याआधी गरजेची बाब होती. मायक्रोफोन आल्यावर ती गरज संपली, आवड मात्र मागे राहिली.

मायक्रोफोनने गाणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे अंतर बदलले. पन्नास हातांवरून सांगायची गोष्ट आता वितीवरून सांगता येऊ लागली. श्वास ऐकू येऊ लागला. ओठ मिटल्याचा, शब्द सुटल्याचा बारीक आवाज गाण्याचा भाग झाला. हा शोध जगभर निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या वेळी लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांनी तो लवकर ओळखला. चेट बेकर हा मुळात जॅझमधला ट्रंपेटवादक. १९५४ मध्ये त्याची 'चेट बेकर सिंग्ज' ही तबकडी निघाली, तेव्हा कित्येक जाणकारांना त्याचा आवाज अपुरा, कच्चा वाटला, आणि तरीही आज ती तबकडी ऐकली जाते ती त्या आवाजासाठीच. फ्रँक सिनात्रा यांची १९५५ ची 'इन द वी स्मॉल अवर्स' ही एकाच मनःस्थितीच्या गाण्यांची तबकडी जणू रात्री उशिरा एकट्याने ऐकण्यासाठीच बेतलेली आहे. ब्राझीलमधले जोआंव जिल्बेर्तो १९५० च्या दशकाअखेर गिटारच्या साथीने जवळजवळ पुटपुटल्यासारखे गाऊ लागले, आणि त्यातून बोसा नोव्हा या गीतप्रकाराचा वळसा सुरू झाला. या मंडळींशी मराठी भावगीताचे नाते जोडण्याचा मोह मला नाही. संगीत वेगळे, भाषा वेगळी, समाज वेगळा. साम्य आहे ते एवढेच की एकाच यंत्राने सगळीकडे एकच प्रश्न उभा केला : आता ओरडायची गरज उरली नाही, तर माणूस गाण्यात काय बोलेल?

मराठीने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे भावगीत. १९३० च्या दशकात ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनी गायिली, आणि कवीच्या नावानिशी कविता तबकडीवरून घरात येऊ लागली. गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनी उत्सवातल्या मांडवांतून, चौकांतून भावगीत हजारो श्रोत्यांपुढे नेले. या गायनाला तबकडीने आणखी एक शिस्त लावली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची जागा असे. तेवढ्यात ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी बसवायची, म्हणजे विस्ताराला, पुनरावृत्तीला, कसरतीला वावच नाही. भावकवितेचा आटोपशीर घाट आणि तबकडीची मर्यादा यांचे असे जमले. मराठी भावकवितेच्या इतिहासात या यांत्रिक मर्यादेची नोंद कुणी फारशी घेत नाही, पण ती घ्यायला हवी.

अरुण दाते या परंपरेत आले ते जवळजवळ सर्व बाजूंनी बाहेरचे म्हणून. ते पुण्या-मुंबईचे नव्हेत, इंदूरचे. त्यांचे वडील रामूभैया दाते हे इंदूरमधील नामांकित रसिक. मोठमोठ्या गवयांचा त्यांच्या घरी राबता होता. कुमार गंधर्वांकडे दात्यांनी आरंभीचे धडे घेतले, पुढे के. महावीर यांच्याकडे शिकले. गझलची ओढ होती. पोटापाण्याचा व्यवसाय मात्र वस्त्रोद्योगातल्या अभियंत्याचा, आणि तो त्यांनी दीर्घकाळ निष्ठेने केला. नाट्यसंगीताचा वारसा नाही, पार्श्वगायनाची कारकीर्द नाही, मैफिलीचा गवई म्हणून लौकिक नाही. मराठीत गायक म्हणून मान्यता मिळवण्याच्या ज्या तीन पायवाटा होत्या, त्यांपैकी एकीवरूनही हा माणूस आला नाही. आला तो आकाशवाणीच्या माइकवरून, थेट घरात.

१९६२ मध्ये 'शुक्रतारा' आले. कवी मंगेश पाडगावकर, संगीतकार श्रीनिवास खळे, सहगायिका सुधा मल्होत्रा. या चौघांची बेरीज पाहण्यासारखी आहे. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, खळे बडोद्याचे, दाते इंदूरचे, आणि सुधाताई पंजाबी घरातल्या, हिंदी चित्रपटगीतांतून आलेल्या. मराठी मध्यमवर्गाने ज्या गीताला आपल्या खास खासगी भावनेचे गीत मानले, ते असे चार दिशांच्या माणसांनी मिळून घडवले. दोघांचेही उच्चार पुणेरी रंगभूमीच्या मुशीतले नाहीत. कदाचित म्हणूनच त्या उच्चारांत सभेला उद्देशून बोलण्याची सवय नाही. युगुलगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातला सवाल-जवाब येतो. येथे तसे होत नाही. दोघे एकमेकांना उत्तर देत नाहीत. एकाच शांततेत दोघे पाळीपाळीने थोडे थोडे बोलतात. खळ्यांच्या चालीही ऐकायला मऊ आणि गायला अवघड असतात. सूर लांबवण्याचा, त्यावर तोल सांभाळण्याचा कस त्यांत लागतो. दाते तो कस देतात, आणि दिला हे कळू देत नाहीत.

दाते गाताना नेमके काय करतात, हे आता पाहू. पहिली गोष्ट ओळीच्या शेवटाची. बहुतेक गायक ओळीचा शेवट हा आपला हक्काचा मुक्काम मानतात. तेथे सूर धरतात, फुलवतात, श्रोत्याची दाद घेतात. दाते ओळीच्या शेवटी सूर हलकेच सोडून देतात. त्या सुटण्यात एक बारीक कंप असतो. काहींना तो दोष वाटतो. माझ्या मते त्यांच्या गायनाचा अर्थ तेथेच आहे. वाक्य संपवताना ज्याची स्वतःची खात्री पूर्ण झालेली नाही, अशा माणसाचा तो स्वर आहे. भावकवितेतला 'मी' असाच असतो. तो सिद्धान्त सांगत नाही. चाचपडत काहीतरी बोलतो आणि समोरचा ऐकतो आहे ना, हे पाहतो.

दुसरी गोष्ट अलंकारांची. ज्याच्या घरी गवयांचा राबता होता आणि ज्याला कुमारांचा सहवास लाभला, त्याला तान, मुरकी, हरकत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? ती त्याने घेतली नाही, एवढेच. न घेण्याचा हा निर्णय साहित्याच्या विद्यार्थ्याला सहज कळावा, कारण गद्यातही हेच खरे असते. जो विशेषण ठाऊक असून लिहीत नाही त्याचे वाक्य, आणि ज्याला विशेषण ठाऊकच नाही त्याचे वाक्य, ही वरवर सारखी दिसली तरी वाचताना वेगळी लागतात.

तिसरी गोष्ट शब्दांची. यशवंत देव यांनी 'शब्दप्रधान गायकी' या नावाचे पुस्तकच लिहिले, आणि दात्यांच्या आवाजासाठी त्यांनी पाडगावकरांच्या ज्या चाली बांधल्या त्या या विचाराचा प्रत्यक्ष प्रयोग आहेत. शब्दप्रधान याचा अर्थ शब्द स्पष्ट ऐकू येणे एवढाच घेतला तर तो फार तोकडा होईल. निवेदकाचेही शब्द स्पष्ट असतात. शब्दप्रधान गायनात शब्दांमधला मनाचा वेग ऐकू यावा लागतो : कोणता शब्द पटकन निघाला, कोणता अडखळला, कोणत्या शब्दापूर्वी माणूस थांबला. देवांच्या चाली बोलण्याच्या वळणाने चालतात आणि दाते त्या बोलल्यासारख्या गातात. तरी गाणे कोठे गद्य होत नाही. हा तोल सांभाळणे 'सुगम' खासच नाही.

भातुकलीच्या खेळातल्या राजा-राणीची ताटातूट सांगणारे पाडगावकरांचे गीत या दृष्टीने पुन्हा ऐकावे. ते कथाकाव्य आहे. कथा लहान, शेवट ठरलेला, आणि शोकात्म. असे गीत मिळाल्यावर रडवण्याचा मोह कोणत्याही गायकाला व्हावा. दाते ते सांगतात, रडत नाहीत. त्यांच्या सांगण्यात निवेदकाचे एक पाऊल मागे असणे आहे. ही घटना आपल्या डोळ्यांसमोर घडली, आपण काही करू शकलो नाही, आता निदान सांगू तरी, असा तो सूर. कथनशास्त्रात आपण निवेदकाच्या अंतराविषयी पानेच्या पाने शिकवतो. त्या अंतराचे इतके सोपे आणि नेमके उदाहरण वर्गात ऐकवण्याजोगे दुसरे मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण सुरेश भटांच्या, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेल्या गीताचे. जीवनालाच समोर बसवून त्याच्याशी बरोबरीने बोलणारे ते गीत आहे. मागण्यासारखे काही उरले नाही, तूही असाच आणि मीही असाच, अशा अर्थाचे. भटांच्या शब्दांत धार आहे, अभिमान आहे. मोठ्या आवाजात ते आव्हान झाले असते. दात्यांच्या आवाजात ते भांडण खालच्या सुरात होते, आणि घराघरांतली खरी भांडणे अशीच खालच्या सुरात होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. एकाच कवितेच्या दोन शक्यतांपैकी एक येथे गायकाने निवडली. यालाच आपण समीक्षेत अर्थनिर्णयन म्हणतो.

दात्यांची ही गाणी एका बैठकीत, एका संकल्पनेने रचली गेलेली नाहीत. आकाशवाणीसाठी आणि ध्वनिमुद्रिकांसाठी ती वर्षानुवर्षे सुटी सुटी तयार होत गेली. पुढे कॅसेटच्या काळात ती एका फितीवर शेजारी शेजारी आली, आणि तेव्हा लक्षात आले की हा एक संग्रहच आहे. पहिली भेट, हातात हात, दुरावा, धुक्यातली उदासी, जगण्यावरचे प्रेम, अखेरच्या क्षणाचा जमाखर्च : एका सामान्य माणसाचे भावचरित्र त्यातून सलग उलगडते. या चरित्रात पराक्रम कोठेच नाही. नोकरी करणाऱ्या, संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला जेवढे वाटते तेवढे त्यात आहे. गाणारा स्वतः गिरणीतले काम आटोपून माइकसमोर उभा राहणारा होता, हे कळल्यावर या सलगतेचे नवल वाटत नाही.

येथे आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की हे सारे एका वर्गाचे सुखवस्तू हळवेपण आहे. ज्या दशकांत ही गाणी लोकप्रिय झाली, त्याच दशकांत मराठी कविता दुसरीकडे चालली होती. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्या कवितेला दात्यांचा आवाज चालला असता काय? चालला नसता, हे उघड आहे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीला हजारोंच्या सभेत, मोकळ्या मैदानात, अन्यायाविरुद्ध उभे राहायचे होते. तेथे मोठा आवाज ही कलेची आणि न्यायाचीही गरज होती. खुद्द पाडगावकरांनाही 'सलाम' (१९७८) लिहिताना वेगळा सूर लावावा लागला, आणि त्या कवितेचे खरे घर रंगमंचावरचे जाहीर काव्यवाचन हेच राहिले. म्हणून लहान आवाज सर्व काही सांगू शकतो, असा माझा दावा नाही. कुजबुजायला निवांत खोली लागते, आणि अशी खोली सर्वांना मिळत नाही. हा मुद्दा मान्य करूनच पुढे जायला हवे. पण ज्यांना ती खोली मिळाली नाही, त्यांना तिची आस नव्हती असे समजणे हाही एक प्रकारचा अन्याय आहे. दलित आत्मकथनांत आणि कवितेत आईशी, जोडीदाराशी, स्वतःशी खालच्या सुरात बोललेली पाने आपण वाचली आहेतच.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो, आणि तो अधिक अवघड आहे. चाल लागली की कविता बंदिस्त होते, विद्यार्थी ती वाचत नाहीत, गुणगुणतात. आशयाआधी ठेका आठवतो. हे खरे आहे. पण मुद्रित कविताही आपण कधी निरपेक्षपणे वाचतो काय? पाठ्यपुस्तकातले प्रश्न, मार्गदर्शकातला भावार्थ, शिक्षकाचा ठरलेला स्वर यांनी ती आधीच बांधलेली असते. या बांधण्यांपेक्षा दात्यांची बांधणी सैल आहे, कारण ओळीच्या शेवटी तो सूर सोडून देतो. ऐकणाऱ्याला आपले काही भरण्यापुरती जागा तेथे उरते. मोठी गायकी श्रोत्याला थक्क करते, आणि थक्क झालेला श्रोता काही क्षण तरी स्वतःपुरता विचार करीत नाही. लहान आवाज त्याला जागे ठेवतो.

मी जेथे राहतो ते कोयनानगर मोठ्या गोष्टींचे गाव आहे. १०३ मीटर उंचीचे धरण, डोंगरांमध्ये पसरलेला शिवसागर, पलीकडे सह्याद्रीच्या पोटात कोरलेले वीजगृह. 'शुक्रतारा'च्याच वर्षी, १९६२ मध्ये, येथल्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. हा निव्वळ योगायोग आहे. पण या खोऱ्यातल्या माणसाच्या मनात तो एक हिशेब मांडून जातो. आमच्या डोंगरांतली वीज खांबांवरून शहरांकडे गेली, आणि शहरातल्या एका खोलीत गायलेला आवाज रेडिओवरून आमच्या डोंगरांत आला. धरणासाठी उठलेल्या गावांच्या वाट्याला आलेला अंधार या आवाजाने फिटतो, असे म्हणणे अश्लाघ्य होईल. तरीही जे आले ते काय होते, हे सांगायला हवे.

येथे वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या छपराखाली दिवस काढलेल्या पिढीला त्या पावसाचा आवाज काय असतो हे सांगावे लागत नाही. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की रेडिओचा आवाज वाढवून उपयोग नसतो. मोठा आवाज पावसाशी भांडतो आणि हरतो. लहान आवाज ऐकायचा तर माणसाला उठून यंत्राजवळ जावे लागते, कान द्यावा लागतो, घरातल्या इतरांना गप्प करावे लागते. दात्यांचे गाणे असे जवळ जाऊन ऐकण्याचे आहे. 'कान देणे' हा आपला वाक्प्रचार किती नेमका आहे! मोठा आवाज कान घेतो. लहान आवाजाला तो आपण होऊन द्यावा लागतो.

दात्यांच्या नंतर ही रीत संपली असेही नाही. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. बोललेली कविता आणि गायलेले गीत यांची त्यात सांगड होती, आणि कॅसेटच्या दुकानांतून तो हातोहात गेला. २००३ पासून सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्या 'आयुष्यावर बोलू काही'ने, मुळात कवी असलेल्या माणसाच्या आवाजाला मोठ्या नाट्यगृहांत श्रोते मिळवून दिले. जवळून बोलणाऱ्या आवाजाची भूक मराठीत कायम आहे, एवढे यावरून नक्की ठरते. मला जाणवणारा फरक एवढाच की या नंतरच्या प्रयोगांत जवळीक आधी जाहीर होते आणि मग गाणे सुरू होते. दात्यांकडे ती जाहीर होत नाही, ऐकता ऐकता लक्षात येते.

याच काळात दुसरीकडे दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धांनी कानाला वेगळी सवय लावली. तेथे वरचा षड्ज गाठला की टाळ्या पडतात, दमसास दाखवला की परीक्षक उभे राहतात. ठरावीक मिनिटांत आपले सारे काही दाखवायचे असल्याने गायक-गायिकांचाही इलाज नसतो. पण त्या मोजपट्टीवर तरुणपणचे अरुण दाते पहिल्याच फेरीत बाहेर पडले असते, हे ध्यानात ठेवायला हवे. हीच मोजपट्टी आमच्या काव्यवाचन स्पर्धांतही शिरली आहे. भावकवितेला हातवारे, शेवटच्या ओळीला गर्जना, आणि प्रत्येक विरामाला कंपित उसासा! एखादी मुलगी आपल्या साध्या, बोलण्याच्या आवाजात कविता नीट समजून वाचते, आणि मग तिला सांगितले जाते, 'जरा आवाज काढ.' तिच्या गुणपत्रिकेत 'सादरीकरण' या रकान्यात तीन गुण कमी पडतात. ते तीन गुण महत्त्वाचे नाहीत. त्या दिवशी ती जे शिकते ते महत्त्वाचे आहे : आपला आवाज कवितेला पुरत नाही. पुढे ती कविता मोठ्याने वाचतच नाही, आणि काही वर्षांनी शिक्षिका झाल्यावर विद्यार्थ्यांनाही वाचून दाखवत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. भावकविता शिकवताना एक तास ऐकण्याला द्यावा. आधी कविता पाठकोऱ्या कागदावर द्यावी, प्रत्येकाने ती शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात वाचावी, कोणत्या शब्दाशी थांबावेसे वाटले तेथे खूण करावी. मग दात्यांचे गायन ऐकवावे आणि ते कोठे थांबतात हे ताडून पाहावे. जेथे खुणा जुळत नाहीत तेथे चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेला मार्गदर्शक पुस्तिकेतला भावार्थ पुरा पडत नाही. दात्यांचे थांबणे चुकले, असे एखाद्या विद्यार्थ्याने कारण देऊन दाखवले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. गायकाला पूजेच्या देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा त्याला वर्गातल्या चर्चेत ओढणे हा अधिक खरा आदर आहे.

आणि काव्यवाचनाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याची वेळ आली, तर 'आवाज' या रकान्याऐवजी 'अंतर' असा रकाना करावा. वाचणाऱ्याने ही कविता किती दूरच्या माणसाला सांगितली, आणि कवितेला तो माणूस किती दूर हवा होता? पोवाड्याला मैदान हवे असते. भावकवितेला एक विताएवढे अंतर पुरते, आणि तेवढ्या अंतरावरून बोलायला लहान आवाजच लागतो.